खेळाला शिक्षिकेची जोड हवीच

शिशुवर्गात मुलांना फक्त खेळू द्यावे, शिकवू नये, असे सुचवणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. अक्षरे-अंक घोटून घेण्याला लेखकाचा विरोध रास्तच आहे. पण म्हणून शिक्षिकेने बाजूला बसून राहावे, हे मुळीच पटत नाही. इंग्लंडमध्ये १९९७ पासून सुमारे ३,००० मुलांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात, मुलांनी सुरू केलेला खेळ आणि शिक्षिकेने योजलेले उपक्रम यांचा समतोल साधणाऱ्या बालवर्गांत चांगली प्रगती दिसली.

पाण्याशी खेळणारे चार वर्षांचे मूल उंच पेल्यातले पाणी पसरट भांड्यात ओतते. ‘आता पाणी कमी झालं का रे?’ असे विचारून शिक्षिका थांबते, उत्तर ऐकते, पुन्हा ओतून बघायला सांगते. मोजणे, नवे शब्द, अंदाज बांधणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, सारे त्या एका खेळात येते. गणिताचा आणि भाषेचा वेगळा तास लागत नाही. मात्र भांडी मुद्दाम वेगवेगळ्या आकारांची निवडावी लागतात, प्रश्नही आधी योजावा लागतो. त्यासाठी शिक्षिकेला तयारीचा वेळ आणि वर्गात मोजकी मुले हवीत. लेखात याचा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले.

– एक बालशिक्षिका