भटक्या-विमुक्तांसाठी कायमस्वरूपी आयोग हवा

संपादक महोदय,

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि इंग्रज सरकारने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या मागची रोजची हजेरी कागदोपत्री संपली. ज्यांचे आजोबा-पणजोबा त्या कायद्याखाली तारेच्या कुंपणाआड राहिले ती कुटुंबे सोलापुरात आजही आहेत आणि त्या वस्तीला लोक आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. त्या कायद्यातून सुटलेल्या या विमुक्त जमातींच्या आणि त्यांच्यासारख्याच भटक्या जमातींच्या प्रश्नांवर स्वातंत्र्यानंतर समित्या आणि आयोग पुष्कळ झाले. त्यांच्यासाठी कायद्याने स्थापन झालेला, मुदत संपली म्हणून गुंडाळला न जाणारा राष्ट्रीय आयोग मात्र अजूनही झालेला नाही. तो व्हावा, एवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

मी भटक्या-विमुक्तांच्या आश्रमशाळेत बरीच वर्षे शिक्षक होतो. निवृत्तीनंतर माझे बरेचसे दिवस मुलांच्या जातीच्या दाखल्यांच्या आणि वैधता प्रमाणपत्रांच्या फायली घेऊन फिरण्यात गेले. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख मानली जाते. म्हणजे आपले कुटुंब त्या दिवशी किंवा त्यापूर्वी या राज्यात राहत होते, हे अर्जदाराने वडिलांकडच्या नातेवाइकांच्या कागदांवरून सिद्ध करायचे असते. ज्याच्याकडे सातबारा आहे, ज्याच्या आजोबांचे नाव शाळेच्या रजिस्टरात आहे, त्याला हे कठीण नाही. पण ज्याचा आजोबा पाल ठोकून चार दिवस एका गावात आणि पुढचे चार दिवस दुसऱ्या गावात राहिला, ज्याच्या जन्माची नोंद कोणत्याच पाटलाने केली नाही, त्याने १९६१ सालचा कागद आणायचा कुठून? माझी एक विद्यार्थिनी, तिच्या बिऱ्हाडातली बारावी झालेली पहिली मुलगी, व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी निवडली गेली आणि मुदतीत वैधता न मिळाल्यामुळे तिची जागा गेली. स्थानिक चौकशी करून निर्णय घ्यावा, असा अर्ज आम्ही तीन वेळा दिला होता. ती चौकशी करायची की नाही, हे शेवटी समोर बसलेल्या माणसाच्या मर्जीवर राहिले. तिच्या वडिलांनी मला विचारले, “गुरुजी, आता कुणाकडं जायाचं?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही नाही. अनुसूचित जातीच्या माणसाला जाण्यासाठी संविधानाच्या कलम ३३८ खालचा आयोग आहे, अनुसूचित जमातीच्या माणसाला ३३८-अ खालचा आहे, इतर मागासवर्गीयांना २०१८ पासून ३३८-ब खालचा आहे. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी १९९२ च्या कायद्याने झालेला आयोग आहे. या बापाने कोणत्या दारात उभे राहायचे?

यावर दिले जाणारे उत्तर ठरलेले आहे. भटक्या-विमुक्तांपैकी बहुतेक जमाती अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती किंवा इतर मागासवर्ग यांपैकी कोणत्या तरी यादीत आहेतच, तेव्हा त्यांनी त्या त्या आयोगाकडे जावे. वेगळा आयोग नेमल्यास अधिकारक्षेत्रे एकमेकांवर येतील. हा युक्तिवाद ऐकायला व्यवस्थित वाटतो, पण याद्या कशा बनल्या आहेत हे पाहिले की तो टिकत नाही. बंजारा समाज कर्नाटकात अनुसूचित जातींत आहे, तेलंगणात अनुसूचित जमातींत आहे आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. इतके लांब जायलाही नको. कैकाडी समाज विदर्भातील बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जाती आहे आणि उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जाती. नागपूरच्या कैकाडी कुटुंबावर जातीवरून अत्याचार झाला तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवता येतो. त्याच कुटुंबातील सोलापूरला दिलेल्या लेकीवर तसाच प्रसंग आला तर तिच्या सासरच्या माणसांना त्या कायद्याचा आधार नाही. एका समाजाचे दुःख असे तीन याद्यांत आणि तीन आयोगांत वाटले गेले की ते अख्खे कोणालाच दिसत नाही. शिवाय अडीचशेहून अधिक जमाती अशा आहेत, ज्यांना कोणत्याच यादीत जागा मिळालेली नाही. त्यांना कोणत्या आयोगाकडे पाठवणार?

यापूर्वीचे आयोग निष्काळजी होते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ साली अहवाल दिला आणि या समूहांची लोकसंख्या १० कोटी ७४ लाखांच्या घरात असल्याचा अंदाज मांडला. भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने पुन्हा देशभर फिरून जमातींची यादी तयार केली आणि कायमस्वरूपी आयोगाची शिफारस स्पष्ट शब्दांत केली. दोन्ही आयोगांचे अध्यक्ष महाराष्ट्राचे होते, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. पण मुदतीच्या आयोगाचा स्वभावच असा की अहवाल सादर झाला की कार्यालयाला कुलूप लागते, कर्मचारी आपापल्या खात्यात परततात आणि शिफारशींचे पुढे काय झाले हे विचारायला कोणी जागेवर राहत नाही. आपल्याच शिफारशींचा पाठपुरावा करण्याचा अधिकार ना रेणके आयोगाला होता, ना इदाते आयोगाला.

इदाते आयोगानंतर २०१९ साली केंद्राने आयोगाऐवजी विकास आणि कल्याण मंडळ स्थापन केले. मंडळाचे काम योजना राबवण्याचे असते आणि त्याचाही उपयोग आहे, हे मी नाकारत नाही. २०२२ साली सुरू झालेल्या ‘सीड’ योजनेत स्पर्धा परीक्षांची शिकवणी, आरोग्य विमा, उपजीविका आणि घरबांधणी हे चारही विषय योग्यच निवडले आहेत. मात्र तिच्यासाठी पाच वर्षांची मिळून २०० कोटी रुपयांचीच तरतूद केली गेली. रेणके आयोगाचाच अंदाज धरून भागाकार केला तर पाच वर्षांत माणशी वीस रुपयेही पडत नाहीत. त्याहून महत्त्वाचा फरक अधिकाराचा आहे. वैधानिक आयोग दिवाणी न्यायालयाप्रमाणे अधिकाऱ्याला समन्स काढून बोलावू शकतो, कागदपत्रे मागवू शकतो, तक्रार नसतानाही स्वतःहून चौकशी सुरू करू शकतो; त्याचा अहवाल संसदेपुढे ठेवावा लागतो आणि कोणती शिफारस स्वीकारली, कोणती नाही व का नाही, हे सरकारला त्यासोबत लेखी सांगावे लागते. मंडळाच्या हाती यातले काही नाही.

धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठेचून मारले. ते भिक्षा मागून जगणारे, मंगळवेढ्याकडचे लोक होते. अनोळखी भटका माणूस दिसला की तो चोर असणार, हा समज १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारी शिक्का मारून पसरवला आणि कायदा गेल्यावरही तो माणसांच्या डोक्यातून गेला नाही. जुन्या कायद्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि पोलिसांची नजर पुन्हा त्याच पालांवर राहिली. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीय भेदभावाविषयीच्या निकालात विमुक्त जमातींना गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदींवर बोट ठेवले. हा निकाल प्रत्येक तुरुंगात आणि ठाण्यात पाळला जातो की नाही, यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवायचे तर त्यासाठीही कायम यंत्रणा लागेल.

आयोग म्हणजे सरकारी खर्चाने पोसलेली आणखी एक कचेरी, अशी शंका घेणाऱ्यांचे म्हणणे मी सरसकट धुडकावणार नाही. आयोगांची अध्यक्षपदे महिनोन्‌महिने रिकामी राहिल्याचे आणि तक्रारींवर नुसती पोच मिळाल्याचे आपण पाहिले आहे. म्हणूनच पद रिक्त झाल्यापासून किती दिवसांत भरायचे, सदस्यांत या जमातींतील स्त्रिया किती असाव्यात आणि अहवाल किती मुदतीत सभागृहापुढे यावा, हे कायद्यातच लिहिलेले असावे. अल्पसंख्याक आयोगाचे उदाहरण इथे बोलके आहे: १९७८ साली तो केवळ सरकारी आदेशाने स्थापन झाला आणि त्याला कायद्याचा आधार मिळायला १९९२ साल उजाडले. भटक्या-विमुक्तांनी तशी चौदा वर्षे पुन्हा वाट पाहू नये.

आगामी जनगणनेत जातीची नोंद होणार असल्याचे केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले आहे. भटक्या-विमुक्तांची स्वतंत्र नोंद व्हावी, पालावर राहणाऱ्यांपर्यंत प्रगणक पोहोचावा आणि मिळालेल्या आकड्यांवरून याद्यांमधील विसंगती दूर व्हाव्यात, हे काम पाहणारा आयोग गणना सुरू असतानाच हवा. महाराष्ट्रातील सर्वपक्षीय खासदारांनी त्यासाठीच्या विधेयकाचा आग्रह येत्या अधिवेशनात धरावा. तोपर्यंत राज्य सरकारने आपल्या अधिकारात एक गोष्ट करावी: १९६१ च्या पुराव्याअभावी ज्या विद्यार्थ्यांचे वैधतेचे अर्ज अडले आहेत, त्यांची स्थानिक चौकशी ठरावीक दिवसांत पूर्ण करणे सक्तीचे करावे आणि ती होईपर्यंत त्यांचा प्रवेश रद्द करू नये.

– एक निवृत्त आश्रमशाळा शिक्षक