मध वरच्या फळीवर ठेवलाय

बेळगाव, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोन केला की एक तर तुमच्याकडची रेंज पळते, नाहीतर रेंज असते आणि आपलं वाजतं. म्हणून कागद घेतलाय. बाबा, आईला वाचून दाखवताना तिला राग येईल अशी वाक्यं गाळू नका. शाळेत धडा वाचायचात तसं सगळं वाचा.

सुगीला चार दिवस रजा टाकलीय. बुधवारी सकाळच्या जांबोटीच्या गाडीनं आम्ही तिघं येतोय. दिवसभर आम्ही दोघं शेतात आणि चिऊ आईजवळ. ही दुपारी येऊन पाजून जाईल, पण मधे दोन वेळा भरवायचं काम तुझं, आई. तीन पोरं वाढवलीस, तुला मी काय सांगणार? पण बाळंतपणाची रजा संपवून ही कामावर जायला लागली आणि माझी सेकंड शिफ्ट, त्यामुळे अडीच महिने झाले, सकाळचं भरवणं माझ्याकडे आहे. या अडीच महिन्यांत जे कळलं ते लिहितोय. त्यातलं निम्मं तर तुझंच निघालं.

उष्टावणीवरून किती ताणलं होतं आपण! मुलीची विषम महिन्यात करतात, पाचव्यातच उरकून घेऊ, हे तुझं. सहा महिने पुरे होईपर्यंत अंगावरच्या दुधाशिवाय काही नको, पाण्याचा थेंबसुद्धा नको, हे डॉक्टरीणबाईंचं. मी मधे सापडलो. शेवटी बाबांनीच बोटं मोजली. सहा पुरे झाले म्हणजे सातवा लागला, आणि सात विषमच की! मामानं खीर चाटवली आणि तिनं ती जिभेनं ढकलून त्याच्या नव्या सदऱ्यावर सोडली, तेव्हा तू म्हणालीस, हिला बासमतीची खीर आवडली नाही. तसं नव्हतं गं. तोपर्यंत जीभ फक्त ओढायला शिकलेली असते, पुढं आलेलं बाहेर ढकलते. आठवडाभरात आपोआप थांबलं. पडवळ तर तिनं सात वेळा थुंकलं, आठव्यांदा गुपचूप खाल्लं.

आता तुझ्या मधाचं. रानातला मध तू एवढ्या मायेनं बाटलीत भरून पाठवलास आणि मी फोनवर 'नको' म्हटलं, ते तुला लागलं. 'तुम्हा तिघांना जन्मल्या जन्मल्या चाटवला, मेलात का?' असं म्हणालीस. नाही मेलो. पण मधात कधीकधी एका जंतूचे बीजाणू असतात. आपल्या आतड्यात ते रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या पोराच्या आतड्यात रुजू शकतात आणि तिथं विष तयार करतात. पोर मलूल पडतं, दूध ओढत नाही, मान टाकतं. क्वचितच होतं, पण झालं तर जिवावरचं. आणि मध उकळला तरी ते बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे कढवून देते म्हणू नकोस. बाटली मी परत आणत नाहीये, वरच्या फळीवर ठेवलीय. पहिल्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी तूच तिला चाटव.

दुसरं वरणाचं पाणी. भाताची पेज आणि वरणावरचं पाणी हे बाळाचं पहिलं अन्न, असं आपल्याकडं सगळेच धरून चालतात, मीही धरून होतो. पण डाळ खाली राहते आणि पाणी पोराच्या पोटात जातं. पोट केवढं तिचं, तिच्याच मुठीएवढं. पाण्यानं भरलं की जेवायला जागा कुठं उरणार? तेव्हा घट्ट दे. चमचा तिरका केला तरी ओघळायला नको, एवढं घट्ट. मिक्सर लावू नकोस, तू आम्हाला बोटांनी मऊ भात कुस्करून द्यायचीस तसंच कर. वर चमचाभर तूप. आता पावणेनऊ महिन्यांची आहे, अर्धी वाटी एका वेळी खाते, दिवसातून तीन-चार वेळा, शिवाय अंगावरचं दूध आहेच. मान फिरवली की थांबायचं. 'एक घास चिऊचा, एक घास काऊचा' करत तोंडात कोंबायचं नाही. यावर तू हसणार, माहीत आहे मला.

मीठ आणि साखर-गूळ वर्षापर्यंत नाही. 'अळणी कोण खाणार?' अगं, तिला खारट म्हणजे काय हेच माहीत नाही, ती कशाला मागेल? आमटीला मीठ घालायच्या आधी तिची वाटी बाजूला काढून ठेव, म्हणजे वेगळं शिजवायला नको.

नाचण्याचं सत्त्व मात्र भरपूर करून ठेव. नाचणा रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, सावलीत वाळवून दळायचा, ही तुझी पद्धत मी इथं सांगितली तर शेजारच्या कन्नड आज्जी म्हणाल्या, 'अदे रागी सरी.' म्हणजे त्यांच्या घरातही पिढ्यान्‌पिढ्या हेच! मोड आल्यावर त्यातलं लोह अंगी लागायला सोपं जातं, आणि मोडाच्या पिठाची खीर गोळा होत नाही, त्यामुळे त्याच वाटीत पीठ जास्त बसतं. शंभर ग्रॅम नाचण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. गाईचं दूध प्यायला म्हणून वर्षापर्यंत द्यायचं नाही, खिरीत थोडं चालतं. आणि लोहाकडं लक्ष द्यायचं, कारण आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांत संपत येतो आणि दुधातून फारसं मिळत नाही. अंगणवाडीच्या ताईंनी तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाचं सरकारी कार्ड, उघडून हे सगळं कन्नडमधून समजावलं, मी मराठीतून 'होय, होय' म्हणत राहिलो. दोघांनाही कळलं. बाबा, कार्ड बरोबर आणतोय, तुमचं कन्नड वाचन किती पुढं गेलंय बघू.

अंडं चालतं, पण पूर्ण उकडलेलं, बलक कच्चा नको. शेंगदाणा आख्खा किंवा भरड अजून कित्येक वर्षं नाही, पण अगदी बारीक वाटून खिरीत मिसळलेला चालतो, उलट लवकर दिलेला बरा. 2015 साली लंडनच्या डॉक्टरांनी सहाशेहून जास्त बाळांवर बघितलं होतं, लहानपणीच शेंगदाणा पोटात गेलेल्यांना त्याची ॲलर्जी खूप कमी झाली. आम्ही डॉक्टरांना विचारून सुरू केला, काही झालं नाही.

आता गंमत सांगतो. महिन्यापूर्वी नवरात्राच्या तोंडावर बाजारात लाल सालीची रताळी आली. मी एक उकडलं, माझ्या बोटाएवढ्या लांब फोडी केल्या आणि एक तिच्या हातात दिली. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत दाबल्यावर सहज चेपेल एवढी मऊ हवी, ही परीक्षा. तिनं फोड बघितली, मूठ आवळली आणि रताळं बोटांच्या फटींतून चारी बाजूंनी बाहेर. अर्धं कानात. मग मूठ उघडली तर तळहातावर राहिलेल्या गोळ्यावर चार बोटांचे चार ठसे, इतके साफ, की आमच्या फाउंड्रीत वाळूत पॅटर्न दाबून उचलतात त्याची आठवण झाली. तो ठसा तिनं नीट बघितला आणि मग चाटला. चमच्यानं भरवताना तिचा चेहरा असा कधीच झाला नव्हता. तेव्हापासून एक वेळ चमच्यानं, एक वेळ तिच्या हातानं. उकडलेला भोपळा, मऊ केळं, पिकलेला चिकू (बी काढून), भाजीच्या पाण्यात भिजवलेला चपातीचा तुकडा. आता अंगठा आणि बोटानं शीतही उचलते. एकेक शीत, मन लावून, बाबा तांदूळ निवडतात तशी. फरशी पुसावी लागते, पुसायचं काम माझं.

पुढचं तुम्हाला सांगितलं नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ही अंघोळीला गेली होती. चिऊच्या हिरड्या शिवशिवत होत्या, सारखी मूठ चावायची. मी गाजराचा तुकडा दिला, कच्चा. दात नाहीत, काय तोडणार, असं वाटलं. हिरड्यांनीसुद्धा गाजर तुटतं. खोकली असती तर मी एवढा घाबरलो नसतो. आवाजच नाही. तोंड उघडं, डोळे माझ्यावर, ओठ निळे पडायला लागलेले.

आमच्या कारखान्यात वर्षाला एकदा प्रथमोपचाराचा वर्ग होतो. आम्ही मागं बसून चहा पितो. त्यातलं जेवढं डोक्यात राहिलं होतं तेवढं केलं. हातावर पालथी घेतली, जबडा बोटांनी धरून डोकं छातीपेक्षा खाली, आणि दोन खांद्यांच्या मधे तळव्याच्या मनगटाकडच्या भागानं धपके. तिसऱ्या की चौथ्या धपक्याला तुकडा फरशीवर पडला आणि ती रडली. मीही तिथंच खाली बसलो. हिला रात्री सांगितलं. ती काही बोलली नाही, नुसती गाजरं उचलून शेजारी देऊन आली.

तेव्हा आई, हे नीट लक्षात ठेव. तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, खॅ खॅ करत उलटी आल्यासारखं केलं, तर तिला हात लावू नकोस, तिचं तीच बाहेर काढते. आवाज बंद झाला, रडता येईना, तर पाच धपके. नाही निघालं तर उताणी करून छातीच्या मधोमध पाच दाब, परत पाच धपके, आणि बाबांनी तोवर 108 ला फोन करायचा. तुमच्याकडं रेंज गच्चीवर येते, ती जागा आधीच बघून ठेवा. तुकडा दिसत नसताना घशात बोट घालायचं नाही, तो आणखी आत जातो. भरवताना ती बसलेली हवी, मांडीवर चालेल. झोळीत नाही, रांगता रांगता तर मुळीच नाही. आणि जेवताना कोणीतरी समोर हवंच, चुलीकडं पाठ फिरवून 'खाईल की' म्हणून चालणार नाही.

कच्चं गाजर, सफरचंदाच्या कच्च्या फोडी, आख्खी द्राक्षं, खोबऱ्याचे काप, चिरमुरे, फुटाणे, यांतलं काही नको. सुगीला गावात येणारे-जाणारे भरपूर असतात, कोणीतरी कौतुकानं पोराच्या हातात चिरमुऱ्याचा लाडू ठेवतंच. त्यांना नाही म्हणणं तुला जड जाईल. माझं नाव सांग. 'बेळगावला राहून पोरगं शहाणं झालंय, ऐकत नाही' म्हण. गावाला पटेल.

तुझ्या फडताळात मी लहानपणी ज्यात जेवायचो ती काठाची पितळी वाटी असेल तर शोधून ठेव. तिच्यासाठी नव्हे, तिला स्टीलची आणतोय, हिला ती बघायचीय. पाणी उकळून गार केलेलं हवं, घोट दोन घोट जेवताना लागतं. बाकी तयारी काही करू नकोस, चार दिवसांत तू दमायला नको.

बाबा, तुमचा सुपारीचा डबा आणि अडकित्ता खुंटीवर टांगा. ती आता कोचाला धरून उभी राहते आणि जमिनीवर जे दिसेल ते आधी तोंडात घालते. परवा माझ्या खिशातला नट तिच्या मुठीत सापडला.

तुमचा,
बाळू