लाकडी वातीच्या मेणबत्त्या : पेटवण्याआधी वाचा

सदस्यहो, ओतलेल्या मेणबत्त्या लगेच पेटवू नका. सोया मेण असेल तर आठवडाभर, जमल्यास दोन आठवडे झाकून ठेवा. सुगंध चांगला खुलतो.

लाकडी वात, म्हणजे सुती वातीऐवजी लावलेली लाकडाची पातळ पट्टी, सारखी विझते, ही तक्रार बऱ्याच जणांची आहे. बहुतेक वेळा वात लांब राहिलेली असते आणि मेण ज्योतीपर्यंत चढतच नाही. मेणाच्या वर ३ ते ५ मिलिमीटरच ठेवा, दर वेळी जळका भाग काढा आणि वात पूर्ण रुंदीभर पेटवा. पहिल्या वेळी मेण कडेपर्यंत वितळू द्या, नाहीतर मधोमध खड्डा पडतो.

आणि कळकळीची विनंती : मेण वितळवताना भांड्यापासून हलू नका. पेट घेतलाच तर पाणी अजिबात टाकू नका, आच बंद करून झाकण ठेवा.