खुले पत्र : तपासणीला आलेल्या वृद्धांना मनाचंही विचारा

माननीय आरोग्यमंत्री यांस,
सादर नमस्कार.

"आता वय झालं, असंच चालायचं." म्हाताऱ्या माणसाचं जेवण तुटलं, झोप उडाली, बोलणं बंद झालं की घरचे हेच म्हणतात आणि पुष्कळदा डॉक्टरही. मी वृद्ध रुग्णांची शुश्रूषा करणारी परिचारिका आहे. नैराश्य हा म्हातारपणाचा भाग नव्हे, तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, हे आपल्या खात्याने ठामपणे सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या अहवालानुसार, जगाच्या जवळजवळ सर्व भागांत आत्महत्येचं प्रमाण सत्तरीपुढच्या माणसांत सर्वाधिक आहे. तरुणांच्या मानाने वृद्धांचे प्रयत्न कमी असतात, पण त्यातून वाचणारेही कमी असतात. शरीर आधीच खंगलेलं असतं, जवळ कुणी नसतं. आधी धोक्याची सूचना मिळेल आणि मग आपण धावू, एवढी सवड इथे नसते.

वृद्ध माणूस "मी उदास आहे" असं क्वचितच म्हणतो. तो सांगतो, अंग दुखतं, पोट साफ होत नाही, काही लक्षात राहत नाही. मग रक्त तपासलं जातं, एक्स-रे काढले जातात, गोळ्या वाढतात. विसराळूपणाला थेट स्मृतिभ्रंश म्हटलं जातं. खरं तर काहींची स्मरणशक्ती नैराश्यावर उपचार झाल्यावर सुधारते. "माझं ओझं झालंय सगळ्यांना" हे वाक्य तर आम्ही इतकं ऐकतो की त्यातला धोका ऐकू येईनासा होतो.

आणि ही माणसं दवाखान्यात येतात, हे मला सगळ्यात जास्त बोचतं. आत्महत्येने गेलेल्या वृद्धांपैकी निम्म्याहून अधिक जण शेवटच्या महिन्यात आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटले होते, असं अनेक अभ्यासांच्या २००२ मधल्या एकत्रित आढाव्यात दिसलं. मरणाचे विचार येतात का, असं सरळ विचारल्याने ते विचार डोक्यात भरत नाहीत. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो.

उपाय माहीत आहेत. अमेरिकेत साठीपुढच्या १,८०१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात नेहमीच्या दवाखान्यातच प्रशिक्षित परिचारिका किंवा मानसशास्त्रज्ञ पाठपुराव्याला नेमले गेले. वर्षभरात ४५ टक्के रुग्णांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटली. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण १९ टक्के होतं. इटलीच्या व्हेनेतो भागात हजारो वृद्धांना आठवड्यातून साधारण दोनदा फोन केला जाई. तिथे आत्महत्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी झाल्या, विशेषतः स्त्रियांमध्ये.

म्हणून मागणी अशी : रक्तदाब तपासला जातो त्या प्रत्येक ठिकाणी वृद्धांना मनाबद्दलचे ठरावीक प्रश्न विचारले जावेत. जोडीदार गेल्यानंतर आणि रुग्णालयातून घरी परतल्यावर पहिले काही आठवडे त्यांना फोन जावा. हे काम आम्ही परिचारिका करू शकतो, मात्र आहे त्याच मनुष्यबळावर नव्हे. पुढच्या अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र पदांची तरतूद करावी.

आपली नम्र,
एक परिचारिका