‘आयुर्वेदात सांगितले आहे’, पण कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत गेल्या आठवड्यात अक्रोडावर अर्धे पान मजकूर होता. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून तो मेंदूला उत्तम, आयुर्वेदाने हे हजारो वर्षांपूर्वीच ओळखले होते, तेव्हा रोज उपाशीपोटी सात-आठ अक्रोड खावेत, असा त्याचा आशय. मी साताऱ्यात ३२ वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. ‘ग्रंथात आहे’ असे कोणी म्हटले की तो ग्रंथ उघडून पाहायचा, हे मुलांना सांगता सांगता माझ्याही अंगवळणी पडले. म्हणून चरकसंहिता हा आयुर्वेदाचा प्राचीन ग्रंथ काढला.

अक्रोड तिथे आहे, सूत्रस्थान या विभागाच्या सत्ताविसाव्या अध्यायात. अन्नपानाच्या या अध्यायात फळांच्या वर्गात बदाम, पिस्ते यांच्या पंगतीला ‘अक्षोट’ बसलेला आहे. (आपला अक्रोड आणि हिंदीतला अखरोट याच शब्दाची लेकरे.) या सगळ्या फळांचे गुण एकत्रच दिले आहेत: गुरू (पचायला जड), उष्ण, स्निग्ध, मधुर, बल देणारी. पुढची ओळ अशी: ‘वातघ्ना बृंहणा वृष्याः कफपित्ताभिवर्धनाः’. वात कमी करतात, अंग भरतात, शुक्र वाढवतात. आणि कफ व पित्तही वाढवतात. बुद्धीचा किंवा स्मरणशक्तीचा उल्लेख नाही. बुद्धीसाठी चरकाने चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात चार मेध्य (बुद्धिवर्धक) रसायने नावानिशी दिली आहेत: मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. त्यांत अक्रोड नाही.

मग मेंदूच्या आकाराची गोष्ट आली कुठून? वस्तूच्या रूपावरून तिचा गुण ओळखण्याची ही कल्पना युरोपातली आहे, आणि ती सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्सस या वैद्याच्या नावाशी जोडली जाते. त्याच शतकात आपल्याकडे भावमिश्रांनी भावप्रकाश हा आयुर्वेदाचा ग्रंथ लिहिला. त्यात अक्रोडाला ‘शैलभव’, म्हणजे डोंगरात जन्मलेला, आणि ‘कर्पराल’ अशी नावे आहेत. कर्पर म्हणजे खापर, कवटी. टणक कवच त्यांच्या नजरेत भरलेच होते, तरी आत मेंदू आहे असे त्यांनी म्हटले नाही. बदामासारखाच, कफ आणि पित्त करणारा, एवढे सांगून ते पुढे गेले. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

हे सगळे लिहिण्याचे कारण घरातलेच आहे. यांचे, म्हणजे माझ्या यजमानांचे, वय ७१. गेल्या चैत्रात मोबाइलवर असाच एक संदेश आला आणि यांनी रोज पहाटे आठ अक्रोड सुरू केले. साताऱ्याचा उन्हाळा आणि यांची मुळातली पित्तप्रकृती! पंधरा दिवसांत तोंड आले, छातीत जळजळ सुरू झाली. ‘गुरू, उष्ण, पित्त वाढवणारा’ हे तीन शब्द त्या संदेशात असते तर हे टळले असते. पण खरी भीती पुढे होती. अक्रोडाने कोलेस्टेरॉल साफ होते असेही त्यात होते, म्हणून यांनी डॉक्टरांनी दिलेली गोळी मला न सांगता बंद केली होती. तीन महिन्यांनी रक्ताचा अहवाल हातात पडला तेव्हा ते मला कळले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझी भाची औषधशास्त्र शिकवते. तिने मला एक प्रयोग समजावून सांगितला. बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियातले लोमा लिंडा इथे ६३ ते ७९ वयाच्या सुमारे ७०० निरोगी माणसांपैकी निम्म्यांना दोन वर्षे रोज ३० ते ६० ग्रॅम अक्रोड दिले. वाईट कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरमागे सरासरी सुमारे चार मिलिग्रॅमने उतरले. उतरले हे खरे, आणि खाण्याच्या एका पदार्थाने एवढे होणे चांगलेच. पण ते गोळीची जागा घेणारे नाही. स्मरणशक्ती आणि बुद्धीच्या चाचण्यांत मात्र दोन्ही गटांत एकूण फरक दिसला नाही.

अक्रोडाशी माझे वैर नाही. माझ्या सुनेच्या बाळंतपणात मीच डिंकाच्या लाडवांत खारीक-खोबऱ्याबरोबर मूठभर अक्रोड घातले होते. थंडी, अशक्त झालेले अंग, चांगली भूक, हे त्याचे खरे ठिकाण, आणि चरकाचे शब्दही तेच सांगतात. पुण्यात माझ्या बहिणीच्या शेजारी एक काश्मिरी पंडित कुटुंब आहे. महाशिवरात्रीला, त्यांच्या हेरथला, ते पूजेच्या मडक्यात पाणी घालून अक्रोड भिजवतात आणि मग शेजारीपाजारी प्रसाद म्हणून वाटतात. अक्रोडाला ते ‘डून’ म्हणतात. सण थंडी सरता सरता येतो, आणि वाट्याला येतात दोन-चार. किती आणि केव्हा खायचे हे त्यांना आपोआप साधले आहे.

आता आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंबद्दल. त्यांचा मुलगा यंदा दहावीला. ‘बुद्धीसाठी’ म्हणून त्यांनी ३०० रुपये उसने घेऊन पाव किलो अक्रोड आणले आणि एक वाटीभर मला प्रेमाने आणून दिले. तोंडात टाकला तर खवट! अक्रोडात १०० ग्रॅमला ६५ ग्रॅम तेल असते आणि ते हवेने, उष्णतेने लवकर बिघडते. सोललेला, तुकडे झालेला, दुकानात उघडा पडलेला गर तर फारच लवकर. त्यांना हे सांगताना माझा जीव तुटला. घ्यायचेच तर कवचासकट घ्यावेत, नाहीतर आधी एक चाखून मगच घ्यावेत आणि सोललेले फ्रिजमध्ये ठेवावेत. आणि ज्या ओमेगा-३ चे एवढे कौतुक चालते, ते जवसात अक्रोडाच्या दुपटीहून अधिक असते. आपल्या गावोगावी जवसाची चटणी होते, तीही फार कमी पैशांत. त्या मुलाच्या डब्यात आता मी ती देते. मार्क वाढतील असे मी त्याला सांगितलेले नाही. भाकरीबरोबर छान लागते एवढेच सांगितले.

संपादक महोदय, माझी विनंती लहान आहे. ‘आयुर्वेदात सांगितले आहे’ असे छापाल तेव्हा ग्रंथाचे नाव, स्थान आणि अध्याय छापा. एक ओळ पुरते. आणि गुणांबरोबर तो पदार्थ काय वाढवतो तेही छापा, कारण ग्रंथकारांनी ते लपवलेले नाही. आपली पुरवणी आमच्याकडे गेली १८ वर्षे येते. यांच्यासारखी माणसे ती कात्रण करून ठेवतात आणि तसेच वागतात.

श्लोक कोणाला प्रत्यक्ष पाहायचा असेल तर माझी प्रत आपल्या सातारा कार्यालयात आणून द्यायला मी तयार आहे. पान सापडावे म्हणून खुणेचा कागद घालून ठेवला आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका, सातारा