विषय: ‘रीफसाठी सज्ज’ (म्हणजे प्रवाळांच्या टाकीला पुरेल असा) म्हणून विकलेला अपुरा एलईडी दिवा – रकमेचा परतावा व खोक्यावरील मजकुरात दुरुस्ती

फोंडा, गोवा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मत्स्यालय दिवे विभाग

महोदय,

गेल्या नोव्हेंबरात मी तुमच्या संकेतस्थळावरून दोन फुटी टाकीसाठी एलईडी दिवा मागवला. किंमत ११,८०० रुपये. खोक्यावर ठळक अक्षरांत छापले आहे: ‘९० वॉट, ९,००० ल्युमेन, रीफसाठी सज्ज, नवशिक्यांसाठी उत्तम’. आता मार्च उजाडला. दिवा अजून लागतो, आणि नेमक्या याच कारणाने तुमच्या ग्राहक सेवेने माझी तक्रार तीनदा ‘निकाली’ काढली. दिवा लागतो, मग बिघाड कसला, असे त्यांचे म्हणणे. पण ज्या कामासाठी तुम्ही तो विकला ते काम त्याच्याकडून होणारच नाही, आणि हे विकण्यापूर्वी तुम्हाला ठाऊक असायला हवे होते. माझी तक्रार ही आहे.

टाकीची माहिती आधीच देते, म्हणजे ‘पाण्यात दोष असेल’ हे उत्तर पुन्हा यायला नको. टाकी ६० × ४५ × ४५ सेंटिमीटरची, साधारण १२० लिटरची. पाणी आरओचे, त्यात मत्स्यालयासाठीचे तयार समुद्री मीठ. क्षारता ३५ पीपीटी, चिलरवर तापमान २६ अंश, नायट्रेट १० पीपीएमच्या आत, अल्कलिनिटी ८.५ डीकेएच, म्हणजे सगळे प्रवाळांना मानवेल असे. दर रविवारी दहा टक्के पाणी बदलते. चवथीच्या सुट्टीत टाकी भरली, दिवाळी होईपर्यंत त्यात फक्त दगड आणि जिवाणू होते. त्यानंतरच बिलावर घेतलेले मऊ प्रवाळ आणले: झोअँथिडच्या तीन वसाहती, चार मश्रूम आणि एक लेदर. कठीण सांगाड्याचे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, म्हणून ते मी ठेवत नाही. तुमच्या खोक्यावर मात्र फांद्याफांद्यांच्या, कठीण सांगाड्याच्या अ‍ॅक्रोपोराचा मोठा फोटो आहे. तो प्रवाळ भारतात कायद्याने ठेवता येत नाही, आणि ठेवता आला असता तरी या दिव्याखाली जगला नसता.

डिसेंबरात झोअँथिडचे देठ लांबू लागले. सेंटिमीटरभर उंचीचे तोंड तीन सेंटिमीटरवर गेले, हिरवा रंग जाऊन तपकिरी झाले. मश्रूम पातळ होऊन पसरले. लेदर दिव्याच्या बाजूला कलला आणि त्याचे पॉलिप (प्रवाळाचे इवलेसे जिवंत कोंब) उघडायचे बंद झाले. मी शाळेत विज्ञान शिकवते. कुंडीतले रोप खिडकीकडे वाकते ते मुलांना दरवर्षी दाखवते, त्यामुळे माझ्या टाकीत काय चालले आहे हे कळायला वेळ लागला नाही. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतात आणि त्यांनी प्रकाशावर बनवलेल्या अन्नावर प्रवाळ बराचसा जगतो. प्रकाश कमी पडला की तो तपकिरी होतो, ताणतो, आणि हळूहळू उपाशी मरतो.

मी फोन केला. पहिल्यांदा सांगण्यात आले, दिवा २५ सेंटिमीटरवरून दहावर आणा. आणला. मधोमध थोडा फरक पडला, कोपरे तसेच अंधारे राहिले. दुसऱ्यांदा सांगितले, रोज १४ तास चालू ठेवा. दहा दिवसांत दगडांवर केसाळ शेवाळ माजले, ते मी अजून टूथब्रशने काढते आहे. त्यावर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, समुद्राखाली अंधारच असतो, प्रवाळांना फार उजेड लागत नाही. आमच्या ग्रँडे बेटाजवळचे पाणी गढूळ आहे आणि तरी तिथे प्रवाळ आहेत, हे खरे. पण ते उथळ पाण्यात आहेत, जिथवर ऊन पोहोचते तिथवरच. भर दुपारी आपल्याकडच्या उन्हात पीएआर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे माप) २,००० च्या आसपास असते. त्याचा दहावा हिस्सा खाली उतरला तरी २०० उरतात.

तिसरा सल्ला मी कधीच विसरणार नाही: काचेचे झाकण काढा आणि दिवा टाकीच्या काठावर टेकवा. जानेवारीत तसे केले. पंपाच्या बुडबुड्यांचे खारे तुषार दोन आठवड्यांत दिव्याच्या पंख्यावर आणि जोडणीवर साचले. एके संध्याकाळी माझी मुलगी पाण्यात हात घालून काच पुसत होती आणि घरचा ईएलसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) पडला. तो बसवलेला नसता तर काय झाले असते हे मला लिहायचे नाही. इलेक्ट्रिशियनने जोडणी उघडली तेव्हा आत मिठाचा थर होता. पाण्यापासून संरक्षणाचा आयपी दर्जा ना खोक्यावर छापला आहे, ना माहितीपत्रकात. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक वीज वाहून नेते. उघड्या खाऱ्या टाकीवर असा दिवा टेकवायला सांगणारा माणूस तुमच्याकडे अजून फोन उचलतो आहे, आणि मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

फेब्रुवारीत पणजीच्या एका जुन्या छंदी मित्राने पाण्याखाली चालणारा पीएआर मीटर आणला. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, प्रकाशसंश्लेषणाच्या कामाचा प्रकाश तो मोजतो. दिवा पूर्ण शक्तीवर, पाण्यापासून दहा सेंटिमीटर वर. दिव्याच्या बरोबर खाली १५ सेंटिमीटर खोलीवर आकडा आला ७०, मधल्या दगडावर ४२, वाळूवर २१, कोपऱ्यात ९. मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० लागते. भिंतीच्या प्लगला वॉटमीटर लावला तर दिवा ४१ वॉट घेत होता. तुमचे ९० वॉट कुठून आले तेही तेव्हाच उमगले: तीन वॉट क्षमतेच्या ३० चिप, म्हणून नव्वद. प्रत्यक्षात त्या निम्म्यानेही चालवलेल्या नाहीत.

आणि त्या ३० पैकी २२ पांढऱ्या, ४ लाल, २ हिरव्या, निळ्या फक्त २. हा गोड्या पाण्यातल्या झाडांचा दिवा आहे. समुद्राचे पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच गिळते, निळा खोलवर जातो, म्हणून प्रवाळातले शैवाल निळ्यावर पोसलेले आहेत. ल्युमेनचे माप मात्र माणसाच्या डोळ्यासाठी बनले आहे. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वाधिक भाव देतो, ४५० च्या निळ्याला जेमतेम चार टक्के. म्हणजे चांगल्या रीफ दिव्याचे ल्युमेन कमीच दिसणार, आणि नवशिका मोठा आकडा पाहून नेमका चुकीचा दिवा उचलणार. मीही तो आकडा पाहूनच उचलला. तुमचे ‘नवशिक्यांसाठी उत्तम’ वाचून माझी तपासणी तिथेच थांबली.

झोअँथिडच्या दोन वसाहती गेल्या. त्यांचा भाव मला मांडायचा नाही. दिव्याचे ११,८०० रुपये परत हवेत, परत पाठवण्याचा कुरिअरचा खर्च तुमचा. खोक्यावर ल्युमेनच्या जागी पीएआरचा तक्ता छापा: दिवा किती उंचीवर असताना, १५, ३० आणि ४५ सेंटिमीटर खोलीवर, मध्ये किती आणि काठाला किती. प्लगवर मोजलेले खरे वॉट आणि आयपी दर्जाही छापा. पहिल्या आठवड्यात २५-३० टक्क्यांवर सुरू करून महिनाभरात वाढवायचे, हे माहितीपत्रकात घाला. कमी उजेडातून आलेला प्रवाळ एकदम पूर्ण शक्तीखाली आणला तर पांढरा पडतो. ज्यांना झाकण काढायला सांगितले त्या प्रत्येक ग्राहकाला तुम्ही स्वतः फोन करून ते परत बसवायला सांगा. याला महिना लावू नका, आजच करा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली मी राहते त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार देईन. तिथे जावे लागू नये अशी इच्छा आहे, पण कागद तयार आहेत: बिल, खोक्याचे फोटो, मीटरच्या नोंदी आणि तिन्ही संभाषणांच्या तारखा सोबत जोडल्या आहेत.

सध्या टाकीवर मित्राने उसना दिलेला दिवा आहे, निम्म्याहून अधिक निळा. मधल्या दगडावर ८५ पीएआर, रोज नऊ तास, झाकणावरून. पाणी तेच, मीठ तेच. तिसऱ्या आठवड्यात लेदरचे पॉलिप पुन्हा बाहेर आले आणि उरलेल्या वसाहतीत सहा नवी तोंडे फुटली.

तुमचा दिवा मूळ खोक्यात बांधून ठेवला आहे. कुरिअरवाल्याला दुपारी तीननंतर पाठवावे, तोवर मी शाळेतून घरी पोहोचते.

आपली,
एक ग्राहक
फोंडा, गोवा