स्मारकाच्या दगडाला ॲसिड लावू नका

महोदय,

19 डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन जवळ आला की गोव्यातल्या स्मारकांच्या साफसफाईला एकदम जोर येतो. 18 डिसेंबर 1961 रोजी अंजदीव बेटावर पोर्तुगीजांशी लढताना धारातीर्थी पडलेले सात नौसैनिक, आग्वाद किल्ल्यावर कामी आलेले मेजर शिवदेव सिंग सिधू, अशी नावं त्या आठवड्यात तरी घेतली जातात. भाषणांबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे घासणाऱ्या हातांबद्दल, कारण दगडावरची नावं या साफसफाईनंच झिजतात.

संगमरवरावर फरशीचं ॲसिड ओतलं की जो फेस येतो तो मळाचा नसतो, दगड विरघळत असतो. झिलई जाते, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पुढच्या पावसात शेवाळाला छान पकड मिळते. मग पुन्हा ॲसिड! कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट होत जातात, आणि रंगारी अंदाजानं काळा ऑइलपेंट भरतो तेव्हा 'ध'चा 'घ' होतो. रंग भरण्याआधी शिलेचा जुना फोटो आणि सैनिकी नोंद ताडून पाहावी. हुद्दा आणि पलटणसुद्धा.

काम पाऊस सरल्यावर, सकाळच्या सावलीत करावं. आधी कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढावी, मग शिला साध्या पाण्यानं पूर्ण भिजवावी. 20 लिटर पाण्यात 30 मिली सौम्य द्रवसाबण पुरतो. खालून वर घासत जावं. वरून सुरुवात केली तर मळकट ओघळ खालच्या न घासलेल्या दगडात मुरतात. साबण सुकू न देता भरपूर पाण्यानं धुवावं. तारेचा ब्रश, प्रेशर पंप, ब्लीच नकोच. कपड्यांच्या पावडरीतले क्षारही दगडात राहतात.

चिऱ्यांच्या चौथऱ्याला सिमेंटचा गिलावा देऊन वर ऑइलपेंट फासणं ही तर आपली खासियत. ओल आत कोंडते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटतो, पोपडे सुटतात. तिथं चुनाच हवा. पितळी पाटी दरवर्षी पॉलिशनं चकचकीत करण्यापेक्षा तिला मेणाचा पातळ हात द्यावा, अक्षरं टिकतील.

पुष्पचक्रं दुसऱ्या दिवशी उचलावीत. आतली तार गंजली की संगमरवरावर तांबडं कडं उमटतं आणि ते साबणानं निघत नाही. तिथंच पुन्हा ॲसिडची बाटली बाहेर येते. पंचायतींनी आणि पालिकांनी साफसफाईचं काम देतानाच कार्यादेशात 'ॲसिड वापरू नये' ही ओळ घालावी.

– दगडकामातील एक वाचक, फोंडा